पुस्तकांवर कुठला देश किती खर्च करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निरनिराळ्या देशांतली घरं पुस्तकांवर किती पैसे घालतात आणि गेल्या वीस-तीस वर्षांत त्यात काय फरक पडला, याचे तक्ते आम्ही करतो. ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाचनालयांच्या आणि शाळांच्या फलकांवर लागतात, आणि मग प्रश्न येऊ लागतात. शिक्षकांचे, ग्रंथपालांचे, कॉलेजच्या मुलांचे. मधूनच "तुम्हाला दुसरा उद्योग नाही का" असाही. तो सोडून बाकीच्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही. जिथे संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुस्तकांवरचा खर्च म्हणजे तुम्ही नेमकं काय मोजता?

घराने स्वतःच्या खिशातून पुस्तकांसाठी मोजलेले पैसे. वाचनालयाने घेतलेली पुस्तकं यात येत नाहीत, शाळेने घेतलेली येत नाहीत, सरकारने छापून फुकट वाटलेलीही येत नाहीत. म्हणूनच हा आकडा प्रकाशकांच्या उलाढालीशी कधी जुळत नाही. उलाढालीत संस्थांची खरेदी असते, परदेशी गेलेला माल असतो, आणि बऱ्याचदा विक्रेत्याचं कमिशन वजा केलेलं असतं. घर मात्र दुकानातली किंमत मोजतं. "अमुक देशाचा पुस्तकबाजार इतक्या अब्जांचा" अशी बातमी वाचून तो आकडा तक्त्यात घालायला सांगणारे बरेच भेटतात. तो घालता येत नाही.

पैसे कोणी मोजले एवढंच या आकड्यातून कळतं. कोणी किती वाचलं हे कळत नाही. खालचे निम्मे प्रश्न याच घोळातून आलेले आहेत.

२. आमच्याकडे तर कधी कोणी विचारायला आलं नाही. मग आकडे येतात कुठून?

नमुना पाहणीतून. आपल्याकडे राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून चालते. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत देशभरातून २,६१,९५३ घरं घेतली होती. एवढ्या मोठ्या देशात तुमच्या वाडीवर कोणी न येणं हेच साहजिक.

विचारण्याची तऱ्हा देशागणिक वेगळी. आपल्याकडे अन्वेषक घरी येऊन विचारतो. भाजी-मासळीचा गेल्या सात दिवसांचा खर्च विचारतो, शिक्षणाचा मात्र गेल्या ३६५ दिवसांचा. ब्रिटनमध्ये घरातल्या माणसांनी दोन आठवडे खर्चाची डायरी लिहायची असते. अमेरिकेत काही घरांची दर तीन महिन्यांनी मुलाखत होते आणि वेगळ्या काही घरांना एकेका आठवड्याच्या दोन डायऱ्या भरायला देतात. जपानमध्ये दोन किंवा अधिक माणसांचं घर सहा महिने रोजचा हिशोब लिहितं. शिस्त बघा!

याचा परिणाम थेट आकड्यावर होतो. दोन आठवड्यांच्या डायरीत बहुतेक घरांचा पुस्तकखर्च शून्य निघतो आणि एखाद्याच घराने एकदम आठ-दहा पुस्तकं घेतलेली दिसतात. घरं पुष्कळ असली तर सरासरी निभावते. पण त्यातलाच छोटा गट वेगळा काढला, समजा फक्त एकटे राहणारे म्हातारे, तर आकडा दर वर्षी उड्या मारतो. वर्षभराचं आठवून सांगायचं म्हटलं की दुसरी अडचण. जूनमधला शाळेचा खर्च प्रत्येकाला आठवतो. आंगणेवाडीच्या जत्रेत पोराच्या हट्टापायी घेतलेलं चाळीस रुपयांचं गोष्टींचं पुस्तक कोणाला आठवणार?

३. पाठ्यपुस्तकं धरायची की नाही?

तुलना इथेच सगळ्यात जास्त फसते, म्हणून जरा सविस्तर.

संयुक्त राष्ट्रांचं घरखर्चाचं एक वर्गीकरण आहे, त्याला 'कोईकॉप' म्हणतात. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत पुस्तकं 'मनोरंजन आणि संस्कृती' या विभागात येतात, आणि पाठ्यपुस्तकं, शब्दकोश, नकाशासंग्रह, संगीताच्या स्वरलिपी हे सगळं त्यातच. युरोपातले बहुतेक आकडे याच साच्यातले. २०१८ च्या आवृत्तीत पाठ्यपुस्तकांना पुस्तकांच्याच पोटात वेगळा उपवर्ग दिला आहे, पण अशी फोड करून मागचे आकडे मिळत नाहीत.

अमेरिकेच्या पाहणीत 'वाचन' असं सदर आहे. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि मासिकं एकत्र. शाळा-कॉलेजची पुस्तकं मात्र 'शिक्षण' या सदरात, फीच्या शेजारी. जपानमध्येही पाठ्यपुस्तकं आणि अभ्यासाचं साहित्य शिक्षणात जातं, बाकीची पुस्तकं संस्कृती-करमणुकीत.

आणि आपण? २०११-१२ च्या पाहणीची प्रश्नावली पाहिली तर पुस्तकं सरळ शिक्षणात आहेत. नवी पुस्तकं-जर्नलं एका ओळीत, जुनी दुसऱ्या ओळीत, मग वर्तमानपत्रं-नियतकालिकं, ग्रंथालय शुल्क, स्टेशनरी-झेरॉक्स आणि पुढे शिकवणीची फी. दहावीचं गणित आणि कादंबरी एकाच ओळीत. आपल्याकडच्या घरखर्चात पुस्तक म्हणजे आधी अभ्यासाचं पुस्तक, हे त्या प्रश्नावलीने न बोलता सांगून टाकलं आहे.

तेव्हा अमेरिकेचं 'वाचन' आणि भारताची 'पुस्तकं' शेजारी ठेवली तर एका बाजूला रविवारचं वर्तमानपत्र येतं आणि दुसऱ्या बाजूला परीक्षेचं गाईड. आम्ही दोन तक्ते करतो. एक व्यापक, पाठ्यपुस्तकांसकट. दुसरा अरुंद, पाठ्यपुस्तकं वगळून. अरुंद तक्त्यात भारत नाही, कारण त्या एका ओळीतून कादंबरी सोडवून काढता येत नाही. "आपला देश तक्त्यात का नाही" म्हणून रागावलेल्यांना हेच उत्तर.

४. जूनमध्ये दुकानातून एकच बिल येतं. त्यातलं पुस्तक कोणतं आणि काय पुस्तक नाही?

दहावीतल्या एका मुलीचं बिल घेऊ. कुडाळच्या बाजारपेठेतलं, पावसात थोडं भिजलेलं. पाठ्यपुस्तकांचा संच, इंग्रजी आणि विज्ञानाची गाईडं, अपेक्षित प्रश्नसंच, नकाशासंग्रह, कोरे नकाशे, डझनभर लाँगबुकं, कंपासपेटी, खाकी कागदाचं भेंडोळं. दुकानदाराने घाईत खाली एकच ओळ लिहिली आहे: "वह्या-पुस्तकं" आणि पुढे रक्कम.

कोईकॉपच्या १९९९ च्या साच्यात याची वाटणी अशी. संच, गाईडं, प्रश्नसंच आणि नकाशासंग्रह ही पुस्तकं. सुटे नकाशे 'इतर छापील साहित्य', भिंतीवरची दिनदर्शिका आणि लग्नपत्रिका असतात त्या ओळीत. लाँगबुकं, कंपासपेटी आणि खाकी कागद स्टेशनरी. नकाशे शिवून पुठ्ठ्यात घातले की पुस्तक, सुटे असले की नाही, हा विनोद आमचा नाही, नियमच तसा आहे.

आता अन्वेषक त्या मुलीच्या आईला विचारतो, "पुस्तकांवर किती, स्टेशनरीवर किती?" ती बिल बघते आणि अंदाजाने दोन भाग करून सांगते. देशाच्या सरासरीत तोच अंदाज जातो. यामुळे पाहणी टाकाऊ ठरत नाही, पण पुस्तकं आणि स्टेशनरी यांच्यामधली रेघ ठळक धरून चालू नये. शंका असेल तिथे दोन्हींची बेरीज घ्यावी. ती जास्त भरवशाची.

५. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात. म्हणजे आपला खर्च कमी दिसतो, बरोबर?

बरोबर. बालभारती १९६७ पासून पाठ्यपुस्तकं काढते, आणि सरकारी-अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना ती मोफत मिळतात. घराच्या खर्चात त्यांची किंमत शून्य. शेजारच्या विनाअनुदानित शाळेतलं मूल पूर्ण संच विकत घेतं. दोघांकडेही पुस्तकं आहेत, खर्च मात्र एकाच घराचा दिसतो.

२०२२-२३ पासून आपल्या पाहणीत फुकट मिळालेलं धान्य, गणवेश, सायकल, लॅपटॉप अशा काही वस्तूंची अंदाजे किंमत धरून दुसरा आकडाही देतात. त्या यादीत पाठ्यपुस्तकं नाहीत.

राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे सगळ्या देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या सरकारी हिशोबात, यावर एक तोडगा आहे. 'प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग' नावाचं एक माप आहे. त्यात घराने केलेला खर्च आणि सरकारने त्या घरासाठी केलेला खर्च दोन्ही मिळवतात. मोफत शिक्षण असलेले आणि नसलेले देश ताडून बघायला ते चांगलं. पण पुस्तकांइतक्या बारीक ओळीपर्यंत ते उतरत नाही.

काही जण विचारतात की पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पानं जोडली होती, त्याचं काय? २०२३-२४ मध्ये ती जोडली, पुढे ती योजना मागे घेतली. मोफत संचाच्या बाबतीत पुस्तकखर्च तरीही शून्यच राहिला. फरक पडलाच असेल तर वह्यांच्या खर्चात.

६. दिवाळी अंक पुस्तकात की मासिकात?

वर्गीकरणाच्या हिशेबाने नियतकालिकात. मग तो तीनशे पानांचा असो, बाइंडिंग करून कपाटात ठेवलेला असो, किंवा त्यात अख्खी कादंबरी असो. 'मनोरंजन'चा १९०९ चा अंक पहिला दिवाळी अंक मानतात. तेव्हापासून मराठी घराचा साहित्यावरचा वर्षाचा मोठा खर्च ऑक्टोबर-नोव्हेंबरात होत आला आहे, आणि तो पुस्तकांच्या ओळीत सापडत नाही.

इतर देशांच्या माणसांना हे समजावणं कठीण जातं. मराठीपुरती तुलना करायची तर पुस्तकं आणि नियतकालिकं एकत्रच घ्यावीत असं आमचं मत आहे. वर्गीकरणाचा नियम मोडतो, पण मराठी घर जसा खर्च करतं तसा तो दिसतो.

७. वाचनालयाची वर्गणी खंय धरतत?

आपल्या पाहणीत 'ग्रंथालय शुल्क' अशी वेगळी ओळ आहे, शिक्षणातच. कोईकॉपमध्ये ग्रंथालयं 'सांस्कृतिक सेवा'मध्ये येतात, सिनेमागृह आणि वस्तुसंग्रहालयांच्या रांगेत. दोन्हीकडे ती पुस्तकखर्चाच्या बाहेर.

कोकणासाठी ही मोठीच गळती आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. या किनाऱ्यावर वर्गणी भरून वाचायची सवय दीडशे-दोनशे वर्षांची. वाचनालयात एकच प्रत येते, तिला प्लास्टिकचं कव्हर चढतं, मागच्या पानावर तारखांचे शिक्के उमटत जातात, शिवण सुटली की पुन्हा बांधतात. तेवढ्या शिक्क्यांमागे घरखर्चात दिसते ती फक्त महिन्याची वर्गणी. मूळ प्रतीची किंमत संस्थेच्या खात्यावर, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मिळणाऱ्या अनुदानातून गेली तर सरकारच्या.

नॉर्वेत याहून पुढची गोष्ट आहे. १९६५ पासून तिथली सरकारी कला परिषद नव्या नॉर्वेजियन पुस्तकांच्या प्रती विकत घेऊन ग्रंथालयांना वाटते. ती खरेदीही घरखर्चात येत नाही. तेव्हा ग्रंथालयं भक्कम असलेल्या देशाचा घरगुती पुस्तकखर्च कमी दिसला तर तिथे वाचक कमी आहेत असा अर्थ लावू नये.

८. रुपयांचे डॉलर करून तुलना केली तर चालेल?

बाजारातल्या विनिमय दराने केलीत तर भारत उगाच फार मागे दिसेल. क्रयशक्तीच्या दराने करा, म्हणजे त्याच वस्तूंना दोन्ही देशांत किती पैसे पडतात त्यावरून काढलेल्या दराने. तो दर जागतिक बँकेच्या पुढाकाराने चालणाऱ्या किंमत-तुलना कार्यक्रमातून येतो. २०१७ च्या फेरीत बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता. क्रयशक्तीच्या हिशेबाने २०.६५ रुपयांना.

तीनशे रुपयांचं पुस्तक घ्या. पहिल्या दराने ते साडेचार डॉलरचं, दुसऱ्याने साडेचौदा डॉलरचं. दुसरा आकडा पाहिला की लक्षात येतं, पुस्तक इथल्या घराला अमेरिकेतल्या घराइतकंच जड पडतं, कदाचित जास्तच.

एक अडचण राहते. २०.६५ हा सगळ्या अर्थव्यवस्थेचा दर आहे, त्यात न्हाव्याची मजुरी आहे आणि सिमेंटही आहे. पुस्तकांचा स्वतःचा दर यापेक्षा वेगळा असणार, आयात केलेल्या इंग्रजी पुस्तकांचा तर नक्कीच. म्हणून दोन देशांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक दिसला तर आम्ही त्यावर काही बोलत नाही. दुप्पट-तिप्पट असेल तर बोलतो. हा सगळा खटाटोप टाळायचा असेल तर एकूण खर्चातली टक्केवारी घ्या. तिला विनिमय दर लागतच नाही.

९. दर घरी की दर माणशी?

दर माणशी. अमेरिकेचे आकडे दर घरी, वर्षाचे असतात आणि तिथलं घर सरासरी अडीच माणसांचं. आपले दर माणशी, महिन्याचे. बारा महिन्यांनी आणि घरातल्या माणसांनी गुणा-भागायला विसरलं की तक्ता हमखास चुकतो.

१०. वीस वर्षांपूर्वीचे पैसे आणि आजचे पैसे सारखे कसे?

नसतातच. महागाई काढल्याशिवाय काळाची तुलना करू नये. आपल्याकडचंच बघा. ग्रामीण भारतात दर माणशी महिन्याचा सगळा खर्च २०११-१२ मध्ये १,४३० रुपये होता, २०२२-२३ मध्ये ३,७७३. अडीचपटीहून जास्त. पण २०११-१२ च्या किमतींत मोजला तर २०२२-२३ चा खर्च २,००८ रुपये. म्हणजे खरी वाढ चाळीस टक्क्यांची. शहरांत २,६३० चे ६,४५९ झाले, जुन्या किमतींत ३,५१०.

महागाई कुठली काढायची, हा पुढचा प्रश्न. सगळ्या वस्तूंच्या किंमत-निर्देशांकाने, म्हणजे किमती किती वाढल्या ते सांगणाऱ्या आकड्याने, भागलं तर घराने पुस्तकांसाठी बाकी कशावर पाणी सोडलं ते कळतं. फक्त पुस्तकांच्या किंमत-निर्देशांकाने भागलं तर साधारण किती पुस्तकं घरात आली त्याचा अंदाज येतो. दोन्ही उत्तरं बरोबर असतात आणि पुष्कळदा उलट दिशेला जातात. तक्त्याखाली कुठला निर्देशांक वापरला ते लिहावंच.

११. अमेरिकेत वाचनावरचा खर्च निम्म्याहून कमी झाला असं तुमच्या तक्त्यात आहे. तिथले लोक वाचायचे थांबले का?

आकडे असे: २००० मध्ये एका घराचा 'वाचन' सदरातला वर्षाचा खर्च सरासरी १४६ डॉलर, २०२२ मध्ये ११७. त्या १४६ डॉलरचे २०२२ च्या किमतींत साधारण २४८ होतात. म्हणजे खरोखरच निम्म्याहून खाली. एकूण खर्चातला वाटा बघितला तर २००० मध्ये ३८,०४५ डॉलरपैकी ०.३८ टक्के, २०२२ मध्ये ७२,९६७ पैकी ०.१६ टक्के.

आता हे सदर काय आहे ते प्रश्न ३ मध्ये पाहा. वर्तमानपत्रं आणि मासिकं त्यातच आहेत, आणि याच वर्षांत दारात पडणारं वर्तमानपत्र बंद करून लोक बातम्या फोनवर वाचू लागले. या घसरणीतला किती भाग वर्तमानपत्रांचा आणि किती पुस्तकांचा, हे या एका ओळीवरून सांगता येत नाही. जुनी पुस्तकं ऑनलाइन स्वस्तात मिळू लागली तीही याच काळात. तरीही "अमेरिकेने पुस्तकं सोडली" असं भाषणात ठोकून देणारे वक्ते आम्ही ऐकले आहेत, आमचाच तक्ता हातात धरून.

टक्केवारीचंही तसंच. घरभाडं किंवा दवाखाना महागला की एकूण खर्च फुगतो आणि पुस्तकांवर तेवढेच पैसे घातले तरी त्यांचा वाटा घटतो.

१२. कराचा फरक पडतो का?

पडतो, आणि लोक तो विसरतात. घराने मोजलेल्या किमतीत कर धरलेला असतो. आपल्याकडे छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. ब्रिटनमध्ये १९७३ पासून छापील पुस्तकांवरचा व्हॅट शून्य. जर्मनीत ७ टक्के, फ्रान्समध्ये साडेपाच. डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षं पूर्ण २५ टक्के होता.

स्वीडनची गोष्ट इथे उपयोगी पडते. १ जानेवारी २००२ ला तिथे पुस्तकांवरचा कर २५ वरून ६ टक्क्यांवर आला. कराआधी शंभर क्रोनरचं पुस्तक १२५ ऐवजी १०६ ला मिळणार, म्हणजे पंधरा टक्क्यांनी स्वस्त. एखाद्या घराने पूर्वीइतकीच पुस्तकं घेतली तर त्याचा खर्च पंधरा टक्क्यांनी घटलेला दिसेल. कारण माहीत नसलेला माणूस यावरून वाचनसंस्कृतीच्या नावाने गळा काढेल.

१३. फ्रान्समध्ये पुस्तकावर सूट देता येत नाही, खरं का?

पाच टक्क्यांपर्यंत देता येते, त्यापुढे नाही. १९८१ चा कायदा आहे, तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री जॅक लँग यांच्या नावाने ओळखला जातो. जर्मनीतही किंमत ठरावीक, २००२ च्या कायद्याने. जपानमध्येही तीच पद्धत. ब्रिटनमध्ये १९०० पासून प्रकाशकांचा असा करार होता, तो १९९५ मध्ये कोसळला आणि १९९७ मध्ये बेकायदा ठरला.

आपल्याकडे छापील किंमत ही कमाल किंमत. प्रदर्शनात वीस-पंचवीस टक्के सूट मागणं हा आपण हक्क समजतो. ब्रिटनमध्ये करार गेल्यावर सूट देता येऊ लागली, म्हणून तिथली १९९५ च्या आधीची आणि नंतरची वर्षं एका रेषेने जोडताना तिथे खूण करावी. फ्रान्सच्या रेषेला त्या ठिकाणी खुणेची गरज नाही.

१४. ई-बुक, ऑडिओबुक आणि ग्रुपवर फिरणारी पीडीएफ?

विकत घेतलेलं ई-बुक आणि ऑडिओबुक कोईकॉपच्या २०१८ च्या आवृत्तीत पुस्तकातच धरतात. महिन्याची वर्गणी भरून ऐकायचं ॲप असलं की प्रत्येक देश आपापल्या सोयीने ते कुठेतरी बसवतो. करातही भेद आहे: छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकवर आपल्याकडे ५ टक्के जीएसटी, ब्रिटनने १ मे २०२० पासून ई-बुकवरचाही व्हॅट शून्य केला.

व्हॉट्सॲपवरची पीडीएफ कुठेच धरत नाहीत. ती बहुतेक वेळा चोरीची असते, आणि आम्हालाच ती पाठवून "हे तक्त्यात घ्या" म्हणणाऱ्यांना नम्रपणे नकार.

१५. सिनिअर मुलांकडून जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत घेतो. ती मोजतात का?

आपल्या पाहणीत मोजतात, जुन्या पुस्तकांची ओळ वेगळी आहे (प्रश्न ३). राष्ट्रीय लेख्यांत मात्र घराने घराला विकलेलं पुस्तक देशाच्या एकूण खर्चात भर घालत नाही, कारण एकाचा खर्च ती दुसऱ्याची वसुली. मध्ये दुकानदार असला तर त्याचा नफा तेवढा धरला जातो. म्हणून पाहणीचा आकडा एका देशाचा आणि लेख्यांचा दुसऱ्याचा, अशी सरमिसळ करू नये.

१६. नुसता सिंधुदुर्गाचा आकडा द्या ना.

देता येत नाही. एका जिल्ह्यातून पाहणीत येणारी घरं इतकी थोडी असतात की पुस्तकांसारख्या बारीक खर्चाची सरासरी काढणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या विभागणीत 'किनारी महाराष्ट्र' असा विभाग आहे. पण त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडाबरोबर ठाणे आणि मुंबईही आहे, आणि मुंबईच्या लोकसंख्येपुढे वेंगुर्ल्याचा काय पाड? तो आकडा कोकणाचा म्हणून छापू नका. त्यातला ग्रामीण भाग वेगळा काढला तर थोडाफार जवळ जाता येतं.

१७. देशच बदलला किंवा चलन बदललं तर रेषा कशी काढायची?

जर्मनीचे १९९० पर्यंतचे आकडे पश्चिम जर्मनीचे. तिथे रेषा तोडावी. मार्कचे युरो करताना त्या त्या वर्षीचा विनिमय दर घेऊ नये. सगळ्या जुन्या वर्षांना कायम केलेला दरच लावावा: एक युरो म्हणजे १.९५५८३ मार्क, फ्रान्ससाठी ६.५५९५७ फ्रँक. असं केलं की देशाच्या आतली चढउतार बिघडत नाही.

भारताच्या रेषेत तर भगदाडच आहे. २०११-१२ नंतर थेट २०२२-२३. मधल्या २०१७-१८ च्या पाहणीचा अहवाल सरकारने दर्जाचं कारण देऊन रोखला. आणि २०२२-२३ मध्ये विचारण्याची पद्धतही बदलली, एका भेटीतली प्रश्नावली तीन भेटींत विभागली. आम्ही या दोन टोकांमध्ये तुटक रेघ काढतो. सरळ रेघ काढून मधल्या वर्षांचे आकडे "काढून" देणाऱ्यांपासून सावध राहा.

१८. पुरात भिजलेली पुस्तकं परत घेतली, तोही खर्च वाढच का?

हो, आकड्याला कारण कळत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरांत शिरलं, शाळेची पुस्तकं सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. गाळाने चिकटलेली पानं उन्हात टाकून सुटत नाहीत, फाटतात. ज्या घराने तो संच पुन्हा विकत घेतला त्याचा त्या वर्षीचा पुस्तकखर्च दुप्पट. राज्याच्या सरासरीत हे कुठल्या कुठे विरून जातं, पण एखादं गाव किंवा तालुका पाहत असाल तर अशी वर्षं बाजूला काढून ठेवा. ज्या घराने पुन्हा घेतलीच नाहीत, शेजाऱ्यांकडून किंवा संस्थेकडून मिळवली, त्याचा खर्च वाढलेला दिसत नाही. नुकसान दोघांचं सारखंच.

१९. नववीच्या प्रकल्पासाठी तक्ता करायचाय. किती देश घेऊ?

तीन पुरे. भारत, जपान आणि युरोपातला एखादा, किंवा तुम्हाला आवडेल तो. व्यापक व्याख्या घ्या (प्रश्न ३), एकूण खर्चातली टक्केवारी घ्या (प्रश्न ८), आणि देशांची पहिला-दुसरा अशी क्रमवारी लावू नका. प्रत्येक देशाची रेषा स्वतःच्याच मागच्या वर्षांशी ताडून बघा, ती कुठे वळते ते शोधा आणि तिथे काय घडलं ते लिहा. उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. ०.१ टक्क्याचा फरक डोंगराएवढा दाखवायचा मोह सगळ्यांना होतो, बाईंना तो लगेच कळतो.

फलकावर लावण्याआधी आम्हाला पाठवलात तर तपासून देऊ. गणपतीच्या आठवड्यात मात्र उत्तराची वाट बघू नका.